कोऱ्या रकान्याचा कागद

“केळीचे घड डोक्यावर वाहतेस तेव्हा नाही का धडधडत छाती?” डॉक्टरबाईंनी विचारलं. सिस्टर हसली. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली.

मला सातवा लागला होता. आमच्या गावात, तुकईथडला, बागेत घड वाहताना कळा सुरू झाल्या. सासूनं जीपमध्ये घालून बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात आणलं. बाळ अजून कच्चं आहे म्हणाले, आणि कळा थांबवायला ड्रिप लावली. मी हात जोडले.

तासाभरात हात कापायला लागले. पाण्याचा ग्लास धरवेना. काळीज गळ्याशी येऊन उडत होतं. तेच सांगितलं, तर हसल्या. सिस्टर म्हणाली, “दवाई से होता है. सबको होता है. चुप लेटी रह.”

खरं होतं तिचं. होतं तसं. पण मग श्वास पुरेना. आडवं पडलं की पाण्यात बुडाल्यागत व्हायचं. पुन्हा सांगितलं.

“तुम लोग बहुत नाटक करते हो.”

तुम लोग. म्हणजे आम्ही, डोक्यावर घड वाहणारे, ते मला कळलं.

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कोणी मानही वर केली नाही. मी उठून बसले. नळीवरचं चाक स्वतःच्या हातानं फिरवलं. ड्रिप बंद.

मग धावले सगळे. दुसऱ्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि बाईंना म्हणाले, “फुप्फुसात पाणी भरलंय. हे केव्हाच थांबवायला हवं होतं.”

मी वाचले. बाळ त्याच दिवशी झालं. पोरगी. दोन दिवस जगली. छातीशी धरायला मिळाली ती गेल्यावर.

सुट्टीच्या कागदावर लिहिलं होतं, मरीज ने खुद दवा बंद की. डॉक्टरबाईंनी शाईचा डबा पुढे सरकवला. “अंगठा लाव.”

मी आठवी शिकलेली. सगळा कागद वाचला. ड्रिप लावल्यापासून ती बंद होईपर्यंत नाडीच्या रकान्यात एकही आकडा नव्हता. माझं मनगट कोणी धरलंच नव्हतं.

“मी तीनदा सांगितलं, ते पण लिहा,” मी म्हटलं.

लिहिलं नाही. मी सही केली नाही.

बाहेर सासू रडत म्हणाली, “तू ते चाक फिरवलं नसतं, तर राहिली असती का वं माय पोरगी?”

मला माहीत नाही. ते घेऊनच जगते.

आता गावातली कोणी बाई कळा घेऊन निघाली की मी सोबत जाते. खाटेपाशी उभी राहते. औषधाचं नाव विचारते. ओरडतात, हाकलतात. हाकला. बाईचं म्हणणं कागदावर चढल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.