तीन राजे, एकच जखम

हसू नका म्हणून काही उपयोग नाही. तेव्हा चहाचा कप आधी खाली ठेवा, मगच सांगतो. मी मुलगी बघायला गेलो आणि रोमच्या बादशहांनी माझी अब्रू घालवली!

नवे पैसे नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. मी पौडच्या शाळेत इतिहास शिकवायचो. दोन ठिकाणांहून नकार आलेला, भुकूमचं हे तिसरं स्थळ. एसटीतून उतरताना मामांनी बजावलं, "इथं तरी तोंड आवर रे बाबा!"

पोहे घेऊन मुलगी आली. शेवंता. छान होती हो! मी मान खाली घालून गप्प. मनात म्हटलं, जमलं बुवा.

तेवढ्यात तिचे वडील, तात्या, देव्हाऱ्यातली देवीची माळ घेऊन आले. माळेत चांदीची तीन जुनी नाणी.

"मास्तर, तुमी इतिहासवालं. आमच्या पणज्याला नांगरताना घावली ही. ह्यो राजा कुठला?"

बघतो तर रोमन! आता मला कोण आवरणार? राजाच्या गालावर ही एवढी खोल चीर.

"तलवारीचा घाव!" मी ओरडलोच. "समोरून वार झेललाय पठ्ठ्यानं! आणि कारागीर किती प्रामाणिक बघा, जखमसुद्धा लपवली नाही!"

मामांनी माझ्या पायावर पाय दिला. तात्यांनी शांतपणे दुसरं नाणं पुढं केलं.

"ह्यो बी त्योच का?"

चेहरा निराळा, चीर तशीच. माघार घेईन तर मास्तर कसला? "हा त्याचा मुलगा! बापाशेजारी उभा राहून लढला असणार!"

"आन् ह्यो?"

तिसऱ्याच्याही गालावर चीर!

"नातू!" मी मांडीवर थाप मारली. "घराणंच शूर, तात्या! वार घ्यायचा तर गालावरच!"

शेवंतानं तोंडात पदर कोंबला. तात्या म्हणाले, "मास्तर, ह्या चिरा आमच्या गावच्या सोनारानं पाडल्यात. चांदी खरी का आत तांबं, ते बघाय पणज्यानं छिन्नी मारून घेतलीती."

मामांनी टोपी उचलली. परतीच्या वाटेवर म्हणाले, "हेही स्थळ गेलं!" मलाही रडू यायचं तेवढं बाकी होतं.

पण निरोप आला, मुलगी हो म्हणाली! लग्नानंतर तिला विचारलं, "तात्यांनी पहिल्याच नाण्याला का नाही सांगितलं?"

"चांदी पारखाय छिन्नी लागती," शेवंता म्हणाली. "मानसाला नुसतं बोलू द्यायचं."

"मग? आत काय निघालं?"

"तांबंच की! पर रोज घासलं की चकाकतंय."