वाणाच्या बांगड्या

मी हात पुढे केला. मॅडमनी तिळगूळ माझ्या तळहातावर ठेवला नाही. आधी कागदाचा तुकडा ठेवला, त्यावर तिळगूळ.

“किती काळे हात गं! ताटांना लावू नकोस,” म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. कुणी बघितलंही नाही. तेच जास्त लागलं.

आदर्श नगरमध्ये मॅडमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जयपुरातल्या वीसेक मराठी बायका जमलेल्या. माझी आई बाहेर जिन्यात बसली होती. बाबा गेलेले, मतलब तिला कुंकू नाही, वाण नाही. वाण मात्र आम्हीच केलेलं. लाखेच्या बांगड्या. लाख आईने वळलेली, खडे मी बसवलेले.

लाख गरम असतानाच खडा बसतो. गार झाली की निघून पडतो. चार वर्षं मी गरम लाखेत खडे बसवत होते. माझी बोटं त्यानेच भाजून काळी पडली.

बाबा मॅडमच्या साहेबांचे ड्रायव्हर. परभणीहून त्यांच्याबरोबरच आलेले. ते आजारपणात गेले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मॅडमनीच आम्हाला चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका शेठच्या बांगड्यांच्या कारखान्यात लावून दिलं. म्हणाल्या, ओळखीचे आहेत, सांभाळतील. शेठने आधार कार्डं घेतली, आईचा फोन घेतला. राहायला कारखान्याच्या वरची खोली. पगार नाही, दोन वेळचं जेवण. खालच्या दाराला बाहेरून कुलूप. किल्ली शेठाणीच्या कमरेला.

पहिल्याच वर्षी मॅडम बांगड्या घ्यायला आल्या होत्या. आईने त्यांना कुलपाचं सांगितलं. मी शेजारीच होते. मॅडम म्हणाल्या, “बायकामाणसांना कुलूपच बरं. सुरक्षित तरी आहात.” आणि मोरपंखी जोड निवडून घेऊन गेल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी वाण पोचवायला आणि ताटं मांडायला म्हणून शेठने आम्हाला सोडलं होतं. त्याचा माणूस खाली ई-रिक्षात बसून होता.

आत बायकांचा खेळ सुरू झाला. प्रत्येकीने आपली आवडती वस्तू सांगायची. कुणी पैठणी सांगितली, कुणी आजीचा तांब्या. मॅडमनी दोन्ही हात वर करून बांगड्या वाजवल्या. “माझं तर हेच! किती प्रेमाने करतात हो ही माणसं.”

माझ्या हातात ताट होतं. ते खाली ठेवलं.

“प्रेमाने नाही. कुलपात करतो आम्ही. तुम्हाला माहीत आहे.”

जिन्यातून आई धावत आली, पण उंबऱ्यावरच थांबली. आत यायचं नव्हतं ना तिला. तिथूनच हात जोडले. “पोरगी येडी हाय, बाई. मनावर घेऊ नका.”

आईचे ते जोडलेले हात. मॅडमचं बोलणं मी विसरेन कदाचित. ते हात नाही विसरणार.

मी आईचा दंड धरून तिला खाली नेलं. शेठचा माणूस म्हणाला, “चलो, बैठो.”

“नहीं बैठूँगी.”

त्याने माझं मनगट पकडलं. तेवढ्यात हळदीकुंकवाला आलेल्या एक बाई मागून जिना उतरल्या. बँकेतून रिटायर झालेल्या, सोलापूरच्या. त्यांनी त्याचा हात बाजूला केला आणि मला विचारलं, “कुठे जायचंय तुला?”

चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

“पोलीस ठाण्यात,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी कारखान्याचं कुलूप तोडलं. आतून आमच्यासारख्याच आणखी नऊ बायका निघाल्या. एकीला उजेडात डोळे उघडवेनात.

आता प्रताप नगरमध्ये त्याच बाईंनी आम्हाला एक खोली बघून दिली आहे. आई अजून दाराशी जाऊन मला विचारते, “जाऊ का गं बाहेर?” मी तोंड फिरवते. रडू दिसू नये म्हणून.

पोलिसांनी आईचा फोन परत मिळवून दिला. परवा त्यावर मॅडमचा फोन आला. “मुलीला सांग, जबाबात माझं नाव नको. आपण एका गावचे.” आई जेवली नाही. म्हणाली, “शेठचं घे. तिचं नको. तिनं थारा दिला आपल्याला.”

मी आईला नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सोमवारी कोर्टात जबाब आहे. शेठचं नाव सांगणार. शेठाणीचं सांगणार. आणि मॅडमचं. पूर्ण, आडनावासकट. आई परत माझ्याशी बोलली नाही तरी.