शेवटी पोचेल तो जिंकला

अबे, तो मोबाइल ठेव बाजूले अन् आधी ऐक! आत्ता ग्राउंडवर जे झालं ना, कोणी मानणार नाही! आमचा स्लो सायकलिंगचा ग्रुप तुले माहीत हाय. पाय टेकला की बाद, रेषेबाहेर गेला की बाद, शेवटी पोचेल तो जिंकला. आमच्या सायकली सरकत नाही, पण किस्से कसे धावते ते पाह्य!

*

आमचे कॅप्टन सलीमचाचा. सायकल रिपेअरिंगचं दुकान हाय त्यायचं. दरवर्षी फायनलमध्ये नेर गावाहून येणाऱ्या त्या नेरवाल्याच्या आधी पोचते अन् हरते! आता गुडघ्याचं ऑपरेशन हाय, मग सायकल बंद. म्हणजे यंदाची रेस शेवटची.

चाची म्हणते, "इनको दूध लाने भेजो, तो दही लेके आते हैं!"

*

ग्रुपमधली नवी पोरगी अश्विनी पुण्याहून गिअरची सायकल घेऊन आली. "रोज किती किलोमीटर करता?"

चाचानं बोट दाखवलं, "या खांबापासून त्या खांबापर्यंत."

पोरगी हसली. बसली. अन् पहिल्याच खांबापाशी आडवी!

*

ग्रुपमध्ये एक इतिहासाचे रिटायर्ड सर हायेत. सांगत होते, जुन्या काळी मोठ्या तोफा बैल ओढायचे, गोगलगायीसारखे.

मी म्हटलं, "मंग सर, किल्ल्यातले लोक घाबरायचे कायले?"

"कारण ती तोफ थांबत नव्हती ना!"

*

एकदा बाभुळगाव रोडवर शॅमेलिऑन, तो रंग बदलणारा सरडा! एक पाऊल पुढं, मंग झुलणं, मंग दुसरं पाऊल. आम्ही सगळे खाली बसून पाहून राह्यलो.

ट्रकवाला थांबला. "अॅक्सिडेंट झाला का?"

"नाही. रस्ता क्रॉस करून राह्यला."

तोही खाली उतरून बसला! चाचा म्हणे, "आजसे ये मेरा कोच!"

*

अन् आजची फायनल! नेरवाला पोचून गेला. चाचा मागं, झुलत झुलत. आता पाय न टेकता रेष ओलांडली की ट्रॉफी आपली! तेवढ्यात रेषेच्या जरासं अलीकडे, चाकासमोर गोगलगाय. लेन एवढीशी, वळायले जागाच नाही.

चाचानं पाय टेकला.

गुडघा धरून वाकले, तिले उचलून गवतात ठेवलं. अश्विनी ओरडली, "चाचा, एका गोगलगायीपायी?"

"अरे, वो मेरे आगे थी, मैंने उसको पकड़ लिया. मतलब फास्ट कौन? मैं! तो जीती कौन?"

सांग बे, तू असता तर काय केलं असतं?