आबेलचा डावा हात

पल्लगी रेजोच्या बापाला जाझ म्हणजे पोराला लागलेलं खूळ वाटायचं. तो स्वतः हंगेरीतल्या मिश्कोल्त्स गावच्या एका खानावळीत डबल बेस हे माणसाहून उंच, पोटाळ तंतुवाद्य वाजवायचा, पण गजाने. पोराने गज ठेवून बोटांनी तारा छेडायला घेतल्या तेव्हा म्हातारा कडाडला होता, "वाद्य आहे ते! कोंबडीची पिसं काय उपटतोस?"

पोराने उपटली. बुडापेस्टची तळघरं गाजवली, प्राग-वॉर्साचे दौरे केले, रेकॉर्डी काढल्या. नवा पियानोवाला आला की रेजोचा दम ठरलेला असे, "खालचे, खर्जाचे सूर माझे. तिथे तुझा डावा हात दिसला तर बोटांवर झाकण पाडीन."

आता तो सत्तरी ओलांडून गेला होता. बालाटोन तळ्याकाठी, फ्युरेदला, संध्याकाळचा कार्यक्रम होता. आबेल हा त्यांचा तरुण पियानोवाला. त्याची गाडी चुकली, म्हणून रेजो आणि त्याचा जुना दोस्त, ड्रमवाला तिहामेर, दोघंच वाद्यं तपासायला बसले.

"हे काय वाजतंय?" रेजो थबकला. सूर पातळ येत होता, शिवाय किंचित उतरलेला. "तळ्याची हवा. लाकडाने ओल धरली."

"असेल," म्हणत तिहामेर झांज पुसायला लागला.

"असेल काय? परवा बुडापेस्टात कसं घुमत होतं! अख्ख्या हिवाळ्यात वाजलं इतकं गोड आधी कधीच वाजलं नव्हतं."

तिहामेर पुसतच राहिला. झांज आधीच लखलखत होती.

तेवढ्यात आबेल धापा टाकत आला, हातात अर्धामुर्धा खाल्लेला लांगोश, तळलेली जाड रोटी. "चुकलं, रेजोकाका!" बोटं पुसून तो पियानोपाशी बसला, आणि बेस घुमायला लागला.

"बघ! सुकलं की नाही लाकूड..." रेजो खुलून म्हणाला, आणि त्याची नजर आबेलच्या डाव्या हातावर गेली. हात पार खर्जाच्या टोकाला होता. रेजोने तारांवरची बोटं उचलली.

बेस चालूच राहिला, पियानोतून.

"कधीपासून?"

"काका, तसं काही नाही हो..."

"तुला नाही विचारत. तिहामेर, कधीपासून?"

"तुझी बोटं सुजली तेव्हापासून. गेल्या शरदापासून."

"आणि माझे एकट्याचे तुकडे? वेळ पुरत नाही म्हणून गाळलेस ते?"

"बेसूर वाजवत होतास, गाढवा! काय करायचं होतं मी? गळ्यात पाटी अडकवायची होती तुझ्या?"

रेजोचे कान तापले. हिवाळ्यात त्याने आपल्याकडे शिकणाऱ्या पोरांना चांगलं तासभर ऐकवलं होतं की हा आवाज नव्या तारांचा नव्हे, बोटांतल्या वयाचा. पोरं एकमेकांकडे का बघत होती, ते आत्ता उमगलं. आणि घरी आल्यावर बायको इर्मा विचारायच्या आतच "छान झालं हं आज" म्हणायची. म्हणजे तीही.

"आज खाली यायचं नाहीस," त्याने आबेलला बजावलं. "पडलो तर पडू दे."

"लोक तिकिटं काढून आलेत, म्हाताऱ्या," तिहामेर पुटपुटला.

"माझ्या नावावर आलेत ना? मग."

संध्याकाळी आबेलने ते पाळलं. पहिलं जलद गाणं कसंबसं निभावलं. दुसरं संथ होतं, रेजोनेच तरुणपणी इर्मासाठी बांधलेलं. या वाद्याला पडदे नसतात, जागा बोटाने शोधायची. बोट केसभर अलीकडे पडलं. त्याने सरकवलं, तर पुन्हा अलीकडेच. पुढच्या रांगेतल्या बाईचा ताल धरलेला पाय थांबला. तिहामेर मान वर करेना. आबेलचा डावा हात मांडीवर मूठ वळून पडला होता.

वाद्य आडवं ठेवून चालू पडावं, असं रेजोला वाटलं. पण गाणं अजून अर्धंही झालं नव्हतं. तो पियानोकडे झुकला.

"ये."

"काय काका?"

"ये म्हणतोय ना खाली!"

हे इतक्या मोठ्याने निघालं की कलावंतांची थट्टा चाललीय समजून पुढची रांग हसली. आबेलचा हात खाली आला. सूर भरला. बाईचा पाय पुन्हा हलू लागला. रेजोचे खांदे आपसूक सैल झाले, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच त्याला अशी लाज वाटली की त्याने तोंड वाद्याच्या मानेआड घेतलं.

गाणं संपल्यावर कुणीतरी ओरडलं, "वा, बेस!" रिवाजाप्रमाणे आबेलने उठून हात रेजोकडे केला. रेजोला वाकावंच लागलं. टाळ्या थांबेपर्यंत मान वर करायचा धीर त्याला झाला नाही.