लिफ्टवाल्याचा हात

घरात दोन मुली, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. धाकटी बँकेत लागली आणि तिचं काम एका शब्दात सांगता येऊ लागलं. थोरलीचं तसं नव्हतं. शेजारपाजारचे विचारायचे, ही नेमकं करते काय? आई सांगायची, कॉम्प्युटरवर असते. मग लोक आपापले बिघडलेले प्रिंटर घेऊन दारात उभे राहायचे. थोरलीने त्यांतले दोन-तीन दुरुस्तही करून दिले, आणि तिथेच चुकली. पुढे कितीतरी वर्षं त्या जिन्यात ती प्रिंटरवालीच राहिली.

ती चित्रं हलवायची. एक चित्र काढायचं, त्यावर दुसरं जरा सरकवून, त्यावर तिसरं. भराभर दाखवली की माणूस चालतो. हे ती एका छापखान्यात शिकली. तिथे दिवसभर व्हिजिटिंग कार्डं जुळवायची, आणि मालक जेवायला घरी गेला की त्याच कॉम्प्युटरवर माणसं चालवायची. मालकाला कळलं तेव्हा तो रागावला नाही. एवढंच म्हणाला की कार्डावर माणूस चालत असता तर आपण दुप्पट दर लावला असता.

तिने नोकरी सोडली आणि घरातल्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली टेबल मांडलं. पोटापाण्यासाठी दुकानांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइटवर हलणारी चित्रं करून द्यायची. दातांच्या एका डॉक्टरला हसणारी दाढ हवी होती. दाढ हसली की तिचं तोंड उघडतं. आता दाढेच्या तोंडात दात काढायचे की नाही, यावर थोरली आणि डॉक्टर आठवडाभर फोनवर वाद घालत होते. शेवटी दाढ ओठ मिटून हसली. अशा कामांवर तिचं नाव कुठे नसायचं. नाव होतं ते एकाच गोष्टीवर, आणि ती गोष्ट म्हणजे बिल्डिंग.

बिल्डिंग ही वेबवरची एक उंच इमारत होती. बघणाऱ्याने मजल्याचं बटण दाबायचं. मग लिफ्टवाला मामा जाळीचं दार ओढून घ्यायचा, लिफ्ट वर जायची, दार उघडलं की त्या मजल्यावर काहीतरी चाललेलं असायचं. एका मजल्यावर दोन वकील एका खुर्चीसाठी भांडत. एकावर एक बाई टाइपरायटरला झोपवत असे. सवड मिळाली की थोरली एक मजला चढवायची. असे अठरा मजले झाले, त्यात तिची बारा-तेरा वर्षं गेली. बघणारे फार नव्हते, पण होते ते चिवट होते. त्यांतली एक हॉस्पिटलातली नर्स. ड्यूटीतून जरा उसंत मिळाली की बिल्डिंगमध्ये यायची आणि जाताना दोन ओळी लिहायची. मामा, आज सातवा. मामा, आज नुसतं खाली-वर करू.

थोरलीचे वडील आयुष्यभर लिफ्टमनच होते. जाळीचं दार मनगटाने नाही, खांद्यातून ओढतात, हे त्यांनी तिला उभं राहून दाखवलं होतं. तिने दार अगदी तसंच काढलं, एकेक पट्टी मिटताना. हात काढायला मात्र कंटाळा केला. पहिलं चित्र हात छातीशी, शेवटचं चित्र हात दाराशी. मधली चित्रं तिने प्रोग्रॅमला भरून द्यायला लावली. प्रोग्रॅमला हाडं ठाऊक नसतात. त्याने हात मळलेल्या कणकेसारखा ताणला, मध्ये वितळवला आणि दारापाशी पुन्हा घट्ट केला. वडिलांनी बघितलं आणि म्हणाले, हा माझा हात नव्हे, रबरी नळी आहे. ती दुरुस्त करणार होती. पण लोकांना नेमका तो हातच आवडला, म्हणून तसाच राहिला. पुढच्या प्रत्येक मजल्यावर मामा वेगळ्या बाजूने, वेगळ्या प्रवाशाला चुकवून दार ओढायचा आणि दर वेळी हात प्रोग्रॅमच भरायचा.

मग बातमी आली की वेबवरची ही हलणारी चित्रं ब्राउझरमधल्या ज्या प्लेअरवर चालतात तो बंद होणार. बातमी चांगली दोन-तीन वर्षं आधी आली होती. जिन्यात लागणाऱ्या सूचनांकडे लोक बघतात तसं थोरलीने तिच्याकडे बघितलं. शेवटचं वर्ष उजाडलं तेव्हा तिचे डोळे उघडले. वर्ष संपलं की अठराच्या अठरा मजल्यांच्या जागी एक करडा चौकोन दिसणार होता. दाढेवर तिचं नाव नव्हतं, आणि बिल्डिंग गेली तर दुसरं कशावरच उरणार नव्हतं.

व्हिडिओंचं चॅनेल चालवणारी एक ओळखीची बाई म्हणाली, सगळ्याचा एक व्हिडिओ कर, दोन दिवसांचं काम. थोरलीने करून बघितला. लिफ्ट आपोआप एकेका मजल्यावर थांबत वर गेली. वडील मागे उभे राहून बघत होते.

"बटण कुठाय?"

"व्हिडिओला बटण नसतं, बाबा."

"मग ही लिफ्ट कसली, थांब्यांवर थांबणारी बस झाली की."

तिने व्हिडिओ पुसून टाकला आणि दुसरा मार्ग धरला. जुन्या फाइली नव्या प्रोग्रॅममध्ये उघडायच्या आणि बिल्डिंग तिथे पुन्हा उभी करायची. पहिला मजला उघडला. दार आलं, वकील आले, खुर्ची आली. जे जे तिने हाताने काढलं होतं ते जसंच्या तसं आलं. मामाचा हात तेवढा खांद्यातून निखळला आणि वर जाऊन छताच्या पंख्याला चिकटला. मधली चित्रं कधी कोणी काढलेलीच नव्हती. जुन्या प्रोग्रॅमची ती मनची भर होती, आणि नवा प्रोग्रॅम ती आपल्या मनाने भरत होता. अठरा मजले, अठरा हात.

तिने बाहेरची कामं घेणं बंद केलं. धाकटी म्हणाली, घर मी बघते, तू तुझी बिल्डिंग बघ. थोरलीने वडिलांना स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि दार ओढायला लावलं.

"अगं, आता पेन्शनीत पण ड्यूटी का?"

असं म्हणत त्यांनी ओढलं, पुन्हा पुन्हा ओढलं, आणि आईला बराच वेळ ओट्यापर्यंत जाता आलं नाही. थोरलीने खांदा, कोपर, मनगट सगळं टिपलं. तीन मजल्यांचे हात तिने एकेक चित्र काढून पुरे केले. इतकं नेटकं काम तिच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. ते तिने बिल्डिंगच्या जुन्या बघणाऱ्यांसाठी वेबवर ठेवलं.

नर्सने लिहिलं, "मामा सुट्टीवर गेला का? हा बदली माणूस कामाला चांगला आहे. आमचा कधी येणार?"

थोरली दोन दिवस टेबलाशी बसली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ते तिन्ही हात काढून टाकले. जुना कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवला, त्यावर जुनी बिल्डिंग चालवली आणि एकेका चित्राशी थांबवत हात बघू लागली. जे तिने कंटाळ्याने सोडलं होतं, ते आता गिरवायचं होतं. ते सोपं नव्हतं. मधल्या चित्रांत हाताला कोपर नव्हतं, बोटांचा गोळा झाला होता, बाही कुठे संपते ते कळत नव्हतं. तिचा हात मात्र शिकलेला. रेघ अर्ध्यावर आली की आपोआप कोपराकडे वळायची. मग खोडायचं आणि पुन्हा काढायचं. चुकीची गोष्ट बरोबर काढायला बरोबर गोष्टीच्या तिप्पट वेळ लागत होता. वडील चहा घेऊन यायचे, पडद्याकडे बघायचे आणि नळी कुठवर आली, विचारायचे.

वर्ष संपता संपता पंधरा मजले झाले. उरलेले तीन तिने पुन्हा नीट बघितले. एका मजल्यावर विनोद नव्हता, नुसती धावपळ होती. दोन दुसऱ्याच मजल्यांची नक्कल होते. त्यांच्यासाठी हात काढायची तिची तयारी नव्हती. ती बटणं तिने ठेवली, पण दाबली की मामा नुसती मान हलवायचा.

जुना प्लेअर बंद झाला त्या दिवशी त्याच पत्त्यावर नवी बिल्डिंग लागली. थोरली दिवसभर लोकांच्या ओळी वाचत बसली. एकाने लिहिलं, नवव्या मजल्यावर आवाज बारीक येतो. दोघांनी बंद मजल्यांची चौकशी केली. नर्स आली, बराच वेळ खाली-वर करून गेली आणि जाताना फक्त विचारलं, एकोणिसावा कधी?

"हाताचं काय म्हणाले?" वडिलांनी विचारलं.

"काहीच नाही. कोणाच्या लक्षातच आलं नाही."

"इतके महिने घातलेस ना?"

"हो."

ते कप उचलून आत गेले.

दुसऱ्या आठवड्यात तिने एकोणिसावा मजला काढायला घेतला. जुनी फाइल मध्ये नसली की नवा प्रोग्रॅम मधली चित्रं फार सफाईने भरत होता, कोपरासकट. एकदा दाबून तिने बघितलं. मामाने शहाण्या माणसासारखं दार ओढलं. तिने ते पुसलं आणि छातीशी असलेल्या हाताच्या पुढचं चित्र स्वतः काढायला घेतलं.