बुधवारचं भजनी मंडळ

मनोरमेबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. तिच्याबरोबर अख्खा संसार केला, पण तिला मी फारसं ओळखत नव्हतो. हे मला तिच्या शेवटच्या आजारात कळलं, तेही परक्या माणसासमोर. लिहिण्याची मला सवय नाही. डहाणू रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात चिकूच्या पेट्यांवर गावांची नावं टाकली, तेवढंच माझं लेखन. तिला बघायला घरी येणारी श्रुतिका सिस्टर म्हणाली, "काका, काकूंबद्दल चार ओळी लिहाच," आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून लिहितो.

मनोरमेचं माहेर वरोरचं, मागल्या दारी समुद्र. आमच्याकडे माझ्या आईने गुरू केला होता. गुरू आले आणि घरातून मासे गेले. लग्न ठरवताना आईची अट एकच होती: मुलीने मासे सोडायचे. मनोरमेने मान डोलावली. आम्हाला वाटलं, सुटले. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे, आणि नजर नेमकी स्वयंपाकघराच्या दारावर.

मनोरमेला पोटाचा कॅन्सर झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी आता उपचार नाहीत असं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग घरी चला. इथला चहा वाईट आहे." आमच्या भागात एक संस्था आहे, तिची माणसं अशा रुग्णांना घरी येऊन बघतात. त्यांनी वरखाली होणारी खाट दिली, हवेची गादी दिली. श्रुतिका सिस्टर तलासरीहून स्कूटरवर यायची. दुखण्याचं औषध कसं द्यायचं, तोंड कसं पुसायचं, कूस कशी बदलायची, हे तिने मला शिकवलं. कूस बदलताना माझे हात आपोआप जुन्या कामाला लागायचे.

"अहो, मी चिकूची पेटी नाही," मनोरमा म्हणायची.

"चिकूच्या पेटीला आम्ही जास्त जपायचो."

"ते दिसतंच आहे."

एका मंगळवारी सिस्टर तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "काकू, आता पथ्य काही नाही. गिळता येतंय तोवर आवडेल ते खाऊन घ्या. काय आवडतं तुम्हाला?"

मी म्हणालो, "शिरा. तिला शिरा आवडतो."

मनोरमेने डोळे उघडले. "शिरा यांना आवडतो. मला बोंबील आवडतात."

मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतेय. "कधीपासून?"

"जन्मापासून."

"पण तू तर सोडलेस ना?"

"घरात सोडले."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दर बुधवारी दुपारी ती भजनी मंडळाला जायची. मंडळ सोनीबाईच्या घरी भरायचं. सोनीबाई तिची वरोरची मैत्रीण, डहाणूच्या बाजारात मासळी विकते. मनोरमा पिशवीत टाळ घेऊन जायची आणि वेलदोडा चघळत यायची, हातांना लिंबाचा वास. मला वाटायचं, प्रसादाचं सरबत असेल. घरी तिने कधी एक ओळही गुणगुणली नाही. मी स्वतः चारचौघांत बोलायला लाजतो, म्हणून मी समजून घेतलं होतं की ही माझ्यासमोर गायला लाजते.

"म्हणजे बुधवारी..."

"बुधवारी दुपारी कोण भजन करतं हो? आमच्यासारख्या बंदीवाल्या घरातल्या चार बायका होतो."

"आणि टाळ?"

"चिंबोरीच्या नांग्या फोडायला बरे पडायचे."

सिस्टरने रक्तदाबाच्या यंत्रात तोंड खुपसलं होतं. तिचे खांदे हलत होते. ते टाळ मी दर दसऱ्याला चिंच लावून घासायचो आणि पूजेत मांडायचो. 

संध्याकाळी सोनीबाई बघायला आली. "मनोरमे, डब्यातून आणते की मी करून."

"नको. तुझ्याकडे आयुष्यभर खाल्ले. एकदा माझ्या घरात, माझ्या टोपात व्हायला हवेत. वास या भिंतींना लागला पाहिजे." मग माझ्याकडे बोट केलं. "हे करतील. आणतीलही हेच. सोने, तू मध्ये पडायचं नाहीस."

"पार्सलबाबू करणार?" सोनीबाईने शिळ्या पापलेटाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं.

पावसाळा असल्याने तेव्हा बोटी बंद होत्या, ताजी मासळी नव्हती. सुके आणायचे ठरले. डहाणूत मला सगळे ओळखतात, त्यामुळे मनोरमेजवळ सोनीबाईला बसवून मी दुसऱ्या दिवशी तलासरीच्या बाजाराला गेलो. सुक्या मासळीच्या ओळीपुढून नुसत्या येरझाऱ्या घातल्या. शेवटी एका बाईनेच हटकलं, "ओ बाबा, घ्यायचेत की नुसता वास घेताय?" मी बोट दाखवलं आणि तिने दिले ते घेतले. वर्तमानपत्र, त्यावर प्लास्टिक, त्यावर गोणपाट, वर सुतळीच्या दोन गाठी. पार्सल असं केलं की कुठल्याही गाडीने गेलं असतं. वळतो तर समोर श्रुतिका सिस्टर.

"काका, इकडे कुठे?"

"सहज."

तिने बोचक्याकडे पाहिलं, नाक जरा उचललं आणि म्हणाली, "शाब्बास."

परतीच्या जीपमध्ये पार्सलने माझी अब्रू घेतली. एक गुजराती आजी पदर नाकाला लावून म्हणाली, "आ बुमला कोना छे?" म्हणजे हे बोंबील कुणाचे. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सगळे एकमेकांच्या पिशव्या तपासू लागले. चारोटीला जीप बदलायची होती. मी घाईने उतरलो आणि चालू लागलो, तर मागून ड्रायव्हर पळत आला. "ओ काका! तुमचे बोंबील राहिले!" अख्ख्या नाक्याने ऐकलं. आमच्या गुरूंच्या मठातले एक गृहस्थ तिथेच वडापाव खात उभे होते. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनीही केला, पण एकाच हाताने.

घरी येऊन मी मनोरमेला सांगितलं, "आता तू विचारू नकोस. मी करतो." का म्हणालो कोण जाणे. स्वयंपाकातलं मला एकच येतं, वालाचं बिरडं. सुकं काही असलं की भिजवायचं, एवढं माहीत होतं. मी अर्धे बोंबील पाण्यात घातले आणि झोपलो. सकाळी उपसले, फडक्यात घट्ट बांधले आणि डब्यात उबेला ठेवून दिले.

दुपारी तिने विचारलं, "अहो, बोंबलांचं काय झालं?"

"बांधून ठेवलेत."

"बांधून?"

"फडक्यात."

तिने उशीवरून मान उचलली. "मोड यायची वाट बघताय का?"

आणि ती हसायला लागली. उशी दाबून धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पोट दुखतंय हो, हसवू नका," म्हणायची आणि परत हसायची. मी फडकं सोडून बघितलं. आत जे होतं त्याला बोंबील म्हणता आलं नसतं. मागच्या गल्लीतल्या मांजरांनीही थोडा विचार करूनच खाल्लं.

पुढचे दोन दिवस मात्र तिला पाणीही जड गेलं. मी सिस्टरला फोन केला. ती येऊन बसली, औषध बदललं, दुखणं उतरलं. जाताना मला दाराशी म्हणाली, "काका, ते राहिलेले बोंबील आजच करा. उद्यावर नको."

मी सोनीबाईला बोलावू का म्हणून विचारलं. मनोरमेने मानेनेच नको म्हटलं. "मी सांगते तसं करा. आणि आधी आईंना भिंतीकडे वळवा."

मी आईचा फोटो उलटा केला. हात जोडले आणि आत गेलो. खाट वर करून दिली होती, तिथून तिला शेगडी दिसत होती. आवाज बारीक झाला होता, पण हुकूम जुनाच. "डोकं शेपूट काढा. कोमट पाण्यात, लगेच बाहेर. लगेच म्हटलं ना! कांदा अजून. हिंगाला हात लावू नका, बिरडं नाही ते. लसूण ठेचा. आता आमसूल."

टोपावरचं झाकण काढलं आणि वास घरभर झाला. मी नाक धरणार होतो, पण ती बघत होती. तिने डोळे मिटून लांब श्वास घेतला. मऊ भातात कालवून, काटा नाही ना हे बोटांनी चाचपून, मी तिला भरवलं. दोन घास गेले. तिसऱ्याला तिने माझा हात धरला आणि तो घास माझ्याच तोंडाकडे वळवला. मी खाल्ला. चांगला लागला की वाईट, मला सांगता येणार नाही. गिळला एवढं खरं.

"कसा आहे?" तिने विचारलं.

"हिंग हवा होता."

ती पुन्हा हसली, पण आवाज आला नाही.

त्या रात्रीपासून ती झोपेतच राहिली. सोनीबाई आणि मंडळातल्या बायका येऊन बसल्या, आणि त्यांना एकही भजन येत नव्हतं. ती शांतपणे गेली. त्यामुळे आमचं शेवटचं बोलणं हे त्या संध्याकाळचंच, भांडी घासून मी तिच्याजवळ येऊन बसलो तेव्हाचं.

"आईंना सरळ करा आता," ती म्हणाली.

"वास गेला की करतो."

"मग खिडकी उघडा की."

मी म्हणालो, "राहू दे जरा."