डाव्या चाकातला आवाज

गाडीतून आवाज येत होता, हे मला मान्य नव्हतं असं नाही. फक्त त्यावर कुणी बोललेलं मला नको होतं. माझा स्वभावच तसा, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. घरातले सगळे ते जाणून आहेत.

लेकीला नर्सची नोकरी लागली होती आणि हजर व्हायचा तो शेवटचा दिवस होता. मांडवगणहून दौंड गाठायचं आणि तिला रेल्वेत बसवायचं, एवढंच माझं काम. बॅगा डिकीत गेल्या, लेक पुढं माझ्या शेजारी बसली. गाडी अंगणातून हलली तशी टक... टक... टक. आदल्या संध्याकाळी शिरूरहून मी आणि लेक येतानाही हेच चाललं होतं. टायरच्या खाचेत खडा अडकला असेल, असं म्हणून मी गाण्यांचा आवाज वाढवला होता.

फाटकात माझे वडील, आप्पा, काठी घेऊन आडवे उभे. पन्नाशीपर्यंत त्यांनी मेंढरं राखली, मग शेती धरली.

"गाडी वाजतीय," ते म्हणाले.

"खडा हाय. सरका, उशीर होतोय."

"पुढं बसून तुला काय उमगणार? मेंढरामागं चालावं लागतं. हळू घे, मी मागनं येतो."

माझं डोकंच फिरलं. "आप्पा, ही काय तुमची मेंढी न्हाई! आज पोरगी पोचली न्हाई तर नोकरी जाईल, कळतंय का?" सख्ख्या बापावर खेकसलो, तेही लेकीसमोर. आजही आठवलं की लाज वाटते.

"पोरगी पोचली तर नोकरी," आप्पा म्हणाले आणि गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले.

काय करता! घेतली हळू. आरशात आप्पा दिसत होते, मान तिरकी, नजर जमिनीला. कळपात एखादी लंगडायला लागली की धुळीत ती दिसत नाही, पण खुरांचा ठेका चुकतो, तो मागून चालणाऱ्याला आधी ऐकू येतो, असं ते लहानपणी मला सांगायचे. मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

त्यांनी काठी वर केली. "डाव्या पुढच्या पायात हाय."

पुटपुटत खाली उतरलो. आप्पांनी बसून चाकाची टोपी काढली आणि नटाला नुसता अंगठा लावला. नट फिरला. दुसराही फिरला, तिसराही. चारातले तीन ढिले!

मग सगळं आठवलं. काल वाटेत पंक्चर झालेलं चाक मीच बदललं होतं. जॅकवर असताना नट हातानं फिरवले, आणि तेवढ्यात मागून उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला. मी त्याच्याशी भांडायला गेलो. चाक टेकल्यावर पान्यानं आवळायचं ते राहूनच गेलं. त्या तावातच मी घरापर्यंत गाडी हाणली होती.

आप्पांनी डिकीतला पाना माझ्या हातात दिला. मी नट आवळले. त्यांनी पुन्हा गाडी चालवायला लावली, पुन्हा मागून चालले. "आता नीट चालतीय. तरी वाटंत गॅरेजवाल्याला दाखीव."

दाखवली. त्यानं चाक काढून बघितलं, बोल्ट शाबूत होते. "नशीब तुमचं," एवढंच म्हणाला.

भीमेच्या पुलावर लेक पहिल्यांदा बोलली. "पप्पा, मला कालच आवाज येत होता. माझ्याच बाजूला होता ना."

"मग बोलली का न्हाईस?" मी ओरडलोच.

ती काचेबाहेर बघत राहिली. "ह्याच्यामुळंच," म्हणाली.

दौंडपर्यंत मी गाणी लावली नाहीत. रेल्वे मिळाली. ती खिडकीत बसली आणि मी गज धरून उभा राहिलो.

"तिकडं काही खटकलं, काही वाटलं, तर लगेच मला फोन कर," मी म्हणालो. "मी ओरडणार न्हाई."

तिनं बॅग सीटखाली सरकवली.

"बघू," ती म्हणाली.